मधल्या किमतीचा फोन : मोटो जी मालिकेचा इतिहास

भारतातील मोबाइलच्या व्यापारात ‘मधल्या किमतीचा फोन’ हा शब्दप्रयोग आज इतका रुळला आहे की, हा वर्ग मुळात कधी आणि कोणत्या कारणांनी निर्माण झाला याचा विचार सहसा केला जात नाही. दहा ते वीस हजार रुपयांच्या दरम्यान मिळणारा, रोजची सगळी कामे विनातक्रार करणारा आणि तरीही वर्ग म्हणून महागड्या फोनच्या एक पायरी खाली राहणारा स्मार्टफोन, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. २०१३ पूर्वी बाजारात प्रामुख्याने दोन टोके होती. एका टोकाला तीस-चाळीस हजारांचे फोन होते, तर दुसऱ्या टोकाला नावापुरते ‘स्मार्ट’ म्हणता येतील असे स्वस्त फोन होते, आणि मधली जागा बहुधा आदल्या वर्षीच्या महागड्या फोनची किंमत उतरवून भरून काढली जात असे. मधल्या गिऱ्हाइकासाठी मुद्दाम विचार करून फोन घडवण्याची रीत रुजवण्यात ज्या मालिकांचा मोठा वाटा आहे, त्यांत मोटोरोलाच्या ‘मोटो जी’ या मालिकेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तिच्या एकेका पिढीची तांत्रिक तपशीलपत्रके क्रमाने वाचली असता ती जुन्या बाजारभावांच्या वह्यांप्रमाणेच ऐतिहासिक साधन ठरतात, कारण मर्यादित मिळकतीच्या माणसाला काय दिलेच पाहिजे आणि कशावाचून त्याचे अडणार नाही, याविषयीचा निर्मात्याचा निवाडा त्यांत नोंदलेला असतो.

मोटोरोलाची परंपरा जुनी होती. १९२८ साली शिकागो येथे गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीतील अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये हातात धरता येणाऱ्या मोबाइलवरून पहिला कॉल केला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, ‘डायनाटॅक ८०००एक्स’ हा फोन ३,९९५ डॉलर किमतीला विक्रीस आला. २००४ च्या पातळ ‘रेझर’ फोनने कंपनीला पुन्हा कीर्ती मिळवून दिली, परंतु स्मार्टफोनच्या युगात ती मागे पडत गेली. जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे दोन भाग झाले आणि त्यांपैकी मोबाइल बनवणारा भाग गूगलने साडेबारा अब्ज डॉलरना विकत घेऊन मे २०१२ मध्ये ताब्यात घेतला. गूगलला त्यातील पेटंटांची गरज होती हे खरे असले, तरी या मालकीचा एक परिणाम फोनच्या घडणीवर झाला. फोनचे सर्व व्यवहार चालवणारी ‘अँड्रॉइड’ ही मूळ प्रणाली गूगलची होती आणि इतर कंपन्या तिच्यावर स्वतःच्या रंगरूपाचा व स्वतःच्या ॲपचा जाड थर चढवत असत. मोटोरोलाने हा थर जवळजवळ काढून टाकला. कमी ताकदीच्या यंत्रावर हा थर म्हणजे ओझेच असल्यामुळे, तो नसणे हीच मधल्या किमतीच्या फोनची पहिली काटकसर ठरली.

त्या वेळी भारतात मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, स्पाइस या देशी नावांचा जोर होता. त्यांच्या बहुतेक फोनांची घडण चिनी कारखान्यांत होत असे आणि त्यामागे तैवानच्या मीडियाटेक कंपनीची एक पद्धत होती. मीडियाटेक केवळ चिप विकत नसे; चिपच्या जोडीला सर्किटचा तयार आराखडा आणि चालू अवस्थेतील सॉफ्टवेअरही देत असे, त्यामुळे स्वतःची मोठी संशोधनशाळा नसलेली कंपनीही थोड्या महिन्यांत नवा फोन बाजारात आणू शकत असे. या कंपन्यांनी मोठी स्क्रीन आणि दोन सिमकार्डांची सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र अनेक फोनांत रॅम तोकडी असे, पडद्यावरची अक्षरे विरळ ठिपक्यांमुळे कडेला दातेरी दिसत आणि विकत घेतेवेळी अँड्रॉइडची जी आवृत्ती असेल तीच बहुधा शेवटपर्यंत राहत असे.

या पार्श्वभूमीवर १३ नोव्हेंबर २०१३ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे पहिला मोटो जी जाहीर झाला. जागतिक फोनच्या अनावरणासाठी ब्राझीलची निवड व्हावी, यावरूनच तो कोणत्या गिऱ्हाइकासाठी होता हे स्पष्ट होते. अमेरिकेत मोबाइल सेवेच्या कराराशिवाय त्याची किंमत १७९ डॉलर होती, तर त्याच वर्षीच्या आयफोन ५ एसची किंमत कराराशिवाय ६४९ डॉलरपासून सुरू होत होती. या किमतीत काय दिले आणि काय कापले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

सर्वांत मोठा खर्च पडद्यावर केलेला दिसतो. पडदा किती रेखीव दिसेल हे त्याच्या आकारावर अवलंबून नसते. एका इंचात किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, बसवले आहेत त्या घनतेवर ते ठरते. पहिल्या मोटो जीचा पडदा कर्णात साडेचार इंचांचा असून त्यात १२८० गुणिले ७२० ठिपके होते. कर्णावरचे ठिपके सुमारे १,४६९ भरतात आणि त्यांना साडेचारने भागले की इंचामागे ३२६ ही घनता मिळते. आयफोन ५ एसची घनताही नेमकी ३२६च होती. देवनागरीसारख्या लिपीत या आकड्याला विशेष महत्त्व आहे, कारण शिरोरेषा, काना-मात्रा, अनुस्वाराचे टिंब आणि जोडाक्षरांतील अर्धी अक्षरे ही सगळी कमी घनतेच्या पडद्यावर एकमेकांत मिसळून जातात. प्रोसेसर म्हणून क्वालकॉमची ‘स्नॅपड्रॅगन ४००’ ही चिप होती, तिच्यात १.२ गिगाहर्ट्झ वेगाचे चार ‘कॉर्टेक्स-ए७’ गाभे होते. गाभा म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करू शकणारा चिपचा भाग. हे गाभे वेगवान नसले तरी कमी वीज खाणारे होते आणि २,०७० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर फोन दिवसभर चालावा, या अपेक्षेशी ते जुळणारे होते.

कात्री लागली ती कॅमेऱ्याला आणि साठवणुकीला. मागचा कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा होता. मेमरी कार्डाची सोय नव्हती. साठवण आठ किंवा सोळा जीबी होती आणि तिचा बराच भाग प्रणालीनेच व्यापलेला असे. चौथ्या पिढीचे जाळे, म्हणजे ४जी, या पहिल्या प्रतीत नव्हते. फोन मध्यभागी ११.६ मिलिमीटर जाड होता, कारण पातळपणासाठी लागणारे महाग भाग टाळून पाठ हातात बसेल अशी गोलसर ठेवली होती. मागचे झाकण काढून दुसऱ्या रंगाचे बसवता येई, मात्र बॅटरी बदलता येत नसे.

या फोनबरोबर दिलेल्या आणि तपशीलपत्रकाच्या चौकटीत न मावणाऱ्या एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. फोन अँड्रॉइड ४.३ घेऊन आला, परंतु पुढची ४.४ आवृत्ती जानेवारी २०१४ पर्यंत मिळेल, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. ही आवृत्ती कमी रॅमच्या फोनवरही नीट चालावी अशा हेतूने गूगलने हलकी केली होती. रॅम म्हणजे चालू असलेली ॲप ज्या स्मृतीत राहतात ती जागा. ती भरली की प्रणाली मागची ॲप बंद करू लागते, नव्याने उघडताना वेळ जातो आणि लोकांच्या भाषेत फोन ‘हँग’ होतो. एक जीबी रॅम असलेल्या मोटो जीला ही हलकी आवृत्ती वेळेवर मिळाल्यामुळे कागदावर साधा दिसणारा फोन हातात मात्र चपळ वाटला. कमी किमतीच्या फोनलाही अद्ययावत राहण्याचा हक्क आहे, ही कल्पना त्यातून रूढ झाली.

भारतात हा फोन फेब्रुवारी २०१४ च्या पहिल्या आठवड्यात आला. आठ जीबीच्या फोनची किंमत १२,४९९ रुपये आणि सोळा जीबीच्या फोनची १३,९९९ रुपये होती. भारतीय प्रतीत दोन सिमकार्डे घालता येत होती. एक क्रमांक कामाचा आणि एक घरचा, किंवा बोलण्यासाठी एका कंपनीचे आणि इंटरनेटसाठी दुसऱ्या कंपनीचे रिचार्ज, ही भारतीय रीत निर्मात्यांनी ओळखलेली होती. अशा फोनमध्ये दोन्ही क्रमांक जागे असतात, पण एकावर बोलणे चालू असताना दुसरा संपर्काबाहेर जातो, कारण दोघांत मिळून रेडिओचा संच एकच असतो.

त्याहूनही दूरगामी परिणाम विक्रीच्या मार्गाचा झाला. तोवर फोन कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून गल्लीतल्या दुकानात येत असे व प्रत्येक पायरीवर थोडा नफा किमतीत मिसळत असे. मोटो जी मात्र फक्त फ्लिपकार्ट या संकेतस्थळावर विकला गेला. मधल्या पायऱ्या गेल्याने किंमत खाली ठेवता आली आणि हातात न घेता, केवळ तपशील वाचून फोन विकत घेणारा नवा गिऱ्हाईक तयार झाला. रॅम किती, गाभे किती, बॅटरी किती, ही चर्चा महाविद्यालयांच्या कट्ट्यावर आणि कार्यालयांच्या डब्याच्या सुट्टीत होऊ लागली, त्याचे एक मोठे कारण हे होते. जुलै २०१४ मध्ये चीनच्या शाओमीने याच मार्गाने भारतात प्रवेश केला. फोनच्या दुकानदारांना या पद्धतीची झळ बसली आणि पुढे २०१७ च्या सुमारास मोटोरोलाने ‘मोटो हब’ नावाची दुकाने उघडून प्रत्यक्ष विक्रीकडे पुन्हा वळणे पत्करले, यावरून तपशीलपत्रक हे हाताच्या स्पर्शाला पूर्ण पर्याय ठरत नाही, हेही दिसून आले.

योगायोग असा की, भारतातील या आगमनाच्या आठवडाभर आधी, २९ जानेवारी २०१४ रोजी, गूगलने मोटोरोला चीनच्या लेनोवो कंपनीला २.९१ अब्ज डॉलरना विकत असल्याचे जाहीर केले होते. मालकी बदलली तरी पुढच्या दोन पिढ्यांत मूळ विचार टिकून राहिला. सप्टेंबर २०१४ मधील दुसऱ्या पिढीत पडदा पाच इंचांचा झाला, समोर दोन स्पीकर आले, कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा झाला आणि मेमरी कार्डासाठी खाच देऊन पहिल्या पिढीतील उणीव भरून काढण्यात आली. परंतु ठिपक्यांची संख्या तीच राहिल्याने घनता ३२६ वरून २९४ वर उतरली, तसेच पडदा वाढूनही चिप आणि बॅटरी जुनीच राहिली. पडदा मोठा झाला म्हणजे फोन सुधारला, हा समज किती फसवा असतो याचे हे बोलके उदाहरण आहे.

जुलै २०१५ मधील तिसरी पिढी ही या मालिकेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली घडण म्हणावी लागेल. तिच्यात ४जी आले. भारतात ही सेवा तेव्हा नवी नव्हती. एअरटेलने २०१२ मध्ये कोलकाता आणि बंगळूरनंतर पुण्यात ती सुरू केली होती, परंतु ती वापरू शकणारे परवडणारे फोन कमी होते. याशिवाय या फोनला ‘आयपीएक्स७’ हा दर्जा होता. या संज्ञेतील पहिली जागा धुळीपासूनच्या संरक्षणाची असते आणि तेथे ‘एक्स’ असणे म्हणजे धुळीसाठी दर्जा दिलेला नाही. दुसऱ्या जागेवरील सात या अंकाचा अर्थ असा की, एक मीटर खोल साध्या पाण्यात तीस मिनिटे बुडूनही यंत्र सुरक्षित राहते. झाकण काढता येण्याजोगे असूनही हे साधले, ते झाकणाच्या आतील रबरी कडेमुळे, आणि म्हणूनच ते चहूबाजूंनी नीट दाबून बसवणे अत्यावश्यक होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने पावसात वावरणाऱ्या माणसासाठी या एका गुणाचे मोल कॅमेऱ्याच्या चार अधिक मेगापिक्सेलांहून जास्त होते. भारतात ११,९९९ रुपयांपासून मिळणाऱ्या फोनमध्ये असे संरक्षण मिळणे त्या काळी दुर्मीळ होते.

मे २०१६ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने मालिकेचे वळण बदलले. आता एकाच पिढीत ‘जी४’, ‘जी४ प्लस’ असे वेगवेगळे फोन झाले, पडदा साडेपाच इंचांचा आणि १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा झाला, स्नॅपड्रॅगन ६१७ या चिपमध्ये आठ गाभे आले आणि प्लस फोनमध्ये बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक बसवण्यात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय ही बँक खात्यांतून थेट पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये जिओची ४जी सेवा आली. फोन हेच पैशाचे पाकीट होऊ घातलेल्या काळात बोटाने उघडणारे कुलूप ही चैन राहिली नाही. मात्र तिसऱ्या पिढीतील पाण्यापासूनचे खरे संरक्षण गेले आणि त्या जागी केवळ शिंतोडे झेलू शकणारा लेप राहिला. प्लस फोनची किंमत १३,४९९ रुपयांपासून सुरू झाली आणि तो विकला गेला ॲमेझॉनवर.

या बदलामागे स्पर्धेचा रेटा होता. मार्च २०१६ मध्ये शाओमीचा ‘रेडमी नोट ३’ भारतात ९,९९९ रुपयांपासून मिळू लागला. धातूचा सांगाडा, बोटाच्या ठशाचा संवेदक आणि चार हजार मिलिअँपिअर-तासांहून मोठी बॅटरी हे सगळे त्यात होते. आकड्यांच्या या चढाओढीत मोटो जीचा संयम मागे पडू लागला. तरीही मार्च २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘जी५ प्लस’मध्ये जुन्या विचाराची एक झलक दिसते. जी४ प्लसचा कॅमेरा सोळा मेगापिक्सेलचा होता, तर जी५ प्लसचा बाराच, परंतु त्याचा प्रत्येक प्रकाशबिंदू आकाराने मोठा होता आणि भिंगाचे तोंड अधिक उघडे होते, त्यामुळे मंद उजेडात आत येणारा प्रकाश वाढला व संध्याकाळची छायाचित्रे उजळ आली. त्यातील स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप १४ नॅनोमीटरच्या पद्धतीने घडवलेली होती. चिपवरील विजेचे सूक्ष्म दरवाजे जितके लहान, तितकी त्यांची उघडझाप कमी विजेत होते, आणि आधीच्या २८ नॅनोमीटरच्या चिपपेक्षा ही चिप थंड व काटकसरी राहण्याचे कारण हेच होते.

त्यानंतर मालिका फांद्यांनी वाढत गेली. जी६, जी७ आणि त्यांच्यासोबत प्ले, प्लस, पॉवर अशी उपनावे आली. २०१९ च्या ‘जी७ पॉवर’मध्ये बॅटरी पाच हजार मिलिअँपिअर-तासांची झाली, म्हणजे पहिल्या पिढीच्या जवळपास अडीचपट. एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरील जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या ‘मोटो जी ५जी’ची किंमत २०,९९९ रुपये ठरली. ‘मधली किंमत’ या शब्दांचा अर्थ सात वर्षांत जवळपास साडेआठ हजार रुपयांनी वर सरकला होता.

या काळात घडलेला भाषेसंबंधीचा बदल तपशीलपत्रकात क्वचितच छापला गेला, पण मराठी वाचकांच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० च्या भाषांच्या यादीत मराठीचा प्रथमच समावेश झाला, म्हणजे फोनची सर्व बटणे आणि सूचना मराठीत वाचण्याचा मार्ग खुला झाला. ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात २००८ मध्येच स्वतंत्र स्थान मिळाले होते, पण फोनमधील टंकात ते नसेल तर त्या जागी रिकामी चौकट दिसे. पुढे भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या मानकानुसार प्रत्येक फोनमध्ये बावीसही भारतीय भाषा वाचता येणे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येणे अपेक्षित ठरले. नवी आवृत्ती मिळणारा फोन आणि न मिळणारा फोन यांतील फरक म्हणजे काही वेळा आपली भाषा असणे आणि नसणे यांतील फरक होता.

म्हणूनच मोटो जीच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आकड्यांपेक्षा आयुर्मानाविषयीचा आहे. २०१७ मध्ये कंपनीने अँड्रॉइड ८ मिळणाऱ्या फोनांची यादी जाहीर केली तेव्हा तिच्यात जी४ प्लस नव्हता. पूर्वीच्या प्रसिद्धीत तसे आश्वासन असल्याचे ग्राहकांनी दाखवून दिल्यावर तो समाविष्ट झाला, पण प्रत्यक्ष आवृत्ती हाती येण्यास बराच काळ गेला. महागडा फोन घेणारा दोन वर्षांत दुसरा फोन घेऊ शकतो. मधल्या किमतीचा फोन घेणाऱ्याला तोच चार वर्षे चालवायचा असतो आणि पुढे तो घरातील धाकट्याच्या किंवा गावाकडच्या आईवडिलांच्या हाती जायचा असतो. फोन घडवणाऱ्याने काय कापले यापेक्षा, जे दिले ते किती वर्षे सांभाळले, यावर त्याची परीक्षा व्हायला हवी. पहिल्या मोटो जीने ही परीक्षा प्रथम मांडली, हेच त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय. आणि फोन विकत घेताना रॅम आणि मेगापिक्सेल यांच्याआधी नव्या आवृत्त्या किती वर्षे मिळणार, बॅटरी बदलून मिळणार का आणि सुटे भाग जवळच्या गावात मिळतात का, हे तीन प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारले पाहिजेत.